कोमातली माई

थोरल्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. मालिकेत थोरल्या मुलाचं काम केलं आणि भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा तो थोरलाच झाला. मग एकदा, संवाद जरा बरे लिहा, म्हणून त्याने तोंड उघडलं. निर्मात्याने पुढच्याच भागात त्याला जिन्यावरून पाडून मारलं. नको झालेल्या नटाला असंच घालवतात. सेटवर त्याला 'जिना दाखवणं' म्हणतात.

बरीच वर्षं पडेल ते काम करून तो दिग्दर्शक झाला, मग निर्माताही. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या मालिकेत कुणाला जिना नाही." टाळ्या पडल्या. टाळ्यांना काय, त्या पडतातच.

पुढे वाहिनीचं फर्मान आलं: म्हातारी नको. म्हातारी म्हणजे माई, जुन्या मालिकेतली थोरल्याची आई; आता त्याच्या मालिकेत ती सासू होती. त्याला जिना दाखवला तेव्हा निर्मात्याशी एकटी तीच भांडली होती. थोरल्याने शब्द पाळला. माईला मारलं नाही, कोमात टाकलं. आता तिने अधूनमधून येऊन डोळे मिटून पडायचं, सुनेने उशाशी रडायचं आणि लोकांनी, म्हातारी डोळे कधी उघडते, म्हणून बघत राहायचं. लोक बघतही राहिले. वाहिनी खूश झाली.

एके दुपारी माई त्याच्या केबिनमध्ये आली. "थोरल्या, मला मार."

"काहीतरीच काय माई! तुझं काम शाबूत ठेवलंय मी."

"पडून राहणं म्हणजे काम? दुसरीकडे आजीचं काम आलंय. चांगली भांडकुदळ आजी आहे, पानंच्या पानं बोलते. पण ते म्हणतात, तिकडचा करार आहे, आधी तिकडे मरून या."

थोरला हसला. माई हसली नाही.

"मी शब्द दिलाय ना, कुणाला मारणार नाही म्हणून," तो म्हणाला. बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण रेटिंग चढत होतं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याला मरायचीही सोय नव्हती.

माई उठली. "तुला जिन्यावरून ढकलणारा परवडला रे. त्याने तुला सोडलं तरी."

बाहेर खाट तयार होती. माई जाऊन पडली, डोळे मिटले. थोरला कॅमेऱ्यामागे गेला आणि म्हणाला, "ॲक्शन."