जातिवंत कुत्र्याचे मस

आमचे वडील लोणावळ्याच्या रेल्वे हापिसात कारकून. त्यांचा साहेब बदलून गेला आणि जाताना आपला विलायती कुत्रा वडिलांना देऊन गेला. झालं! त्या दिवसापासून साहेबच आमच्या घरी राहायला आला म्हणायचा. वडील आम्हां पोरांना 'कार्ट्यांनो' म्हणत आणि कुत्र्याला 'अहो'. विलायत त्या बिचाऱ्यानं पाहिलीसुद्धा नव्हती, जन्म खडकीचा! पण आमचा गावठी कुत्रा त्याला बिघडवील म्हणून परसात हाकलला गेला.

पावसाळा सरता सरता तुंगार्लीच्या गवतातनं ही साहेबस्वारी रोज हिंडून यायची. एकदा तिच्या कानात आईला करड्या मण्यांसारखं काही दिसलं. आई कार्ल्याची, शेतकऱ्याची लेक. दुपारी घासलेटाची वाटी घेऊन बसायचं आणि गाईच्या, गावठ्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचून त्यात टाकायच्या, हे तिचं नेहमीचं काम.

"अवो, ह्या गोचिडी हायेत," ती म्हणाली.

"गोचिडी? साहेबाच्या कुत्र्याला?" वडील कडाडले. "जातिवंत कुत्र्यांना मस असतात तिथं. खबरदार हात लावलास तर!"

आणि आईनं खरंच हात लावला नाही, याचा मला आजही संताप येतो. मारक्या बैलाला वेसण घालणारी बाई, पण साहेबाच्या कुत्र्याला ओरखडा उठला तर नोकरी जाईल म्हणून भ्याली.

मस वाढत गेले. कुत्रा तापानं फणफणला, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. शेजारीपाजारी समाचाराला येत आणि अदबीनं लांब उभे राहत. इथलं पाणी मानवलं नाही, असा सगळ्यांचा निकाल! वडील बशीत बिस्किट भिजवून 'प्लीज, प्लीज' म्हणून विनवत. मी जवळ गेले की ते गुणी जनावर तशातही शेपूट हलवायचं.

एका सकाळी ते उठलंच नाही. पुरायला उचललं तेव्हा कानातला एक मस निसटून फरशीवर पडला आणि चालू लागला. वडील त्याच्याकडे बघत राहिले.

पुढं कितीतरी दिवस गेले. मग एका दुपारी त्यांनी परसातल्या गावठ्याला ओट्यावर बोलावलं, आईकडून वाटी मागून घेतली आणि त्याचा कान उलटून बघू लागले.

"गावठ्याला हात लावताय व्हय?" आईनं टोमणा मारलाच.

"याला लावता येतो ना," वडील म्हणाले आणि घळाघळा रडू लागले.