सीटखालची बॅटरी आणि नवरीचा मामा

आमच्या जुन्या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली ठेवायची कल्पना माझी होती. संसारात मला स्वतंत्रपणे सुचलेली ही पहिलीच गोष्ट, आणि घरच्यांनी वेळीच काळजी घेतल्यामुळं शेवटचीही.

गाडी सासऱ्यांची. फिकट आकाशी रंगाची, गोल पाठीची, आता रस्त्यावर दिसत नाही अशी. ते गेल्यावर ती यवतला आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली आली आणि मी कामातून गेलो. कारखान्याच्या वजनकाट्यावरून घरी आलो की मी तिच्यात जाऊन बसायचो. सुरू करायची नाही, नुसतं बसायचं. काचेवर पिवळी पानं उतरायची, पलीकडच्या उसावरून ऊन हळूहळू सरकायचं, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून कुठल्या कुठं जायचो. एकदा तर मला समुद्र दिसला. (बायको म्हणाली, शेजाऱ्यांच्या उसाला पाणी सोडलं होतं ते.)

एका संध्याकाळी बॉनेट उघडलं आणि तंद्री जरा मोडली. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड फुलली होती. ज्या पत्र्याच्या ट्रेवर ती बसते, तो ट्रे भाजलेल्या पापडासारखा झाला होता आणि बॅटरी एका अंगाला कलली होती. माझी बायको सुमन हायस्कूलात शास्त्र शिकवते. तिनं वाकून पाहिलं.

"ॲसिड पाझरतंय. पत्रा खाल्लाय त्यानं. खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, नवा ट्रे बसवा आणि बॅटरी पट्टीनं आवळून टाका."

"त्यापेक्षा तिला इथून हलवलंच तर? मागच्या सीटखाली जागा आहे. इंजिन कसं मोकळं, देखणं दिसेल."

"अहो, सीटला खालून लोखंडी स्प्रिंगा असतात. बॅटरीची टोकं वर असतात. दोन्हींची गाठ पडली म्हणजे?"

"कशाला पडेल?"

"कुणी बसलं की."

मला हा मुद्दा फारच बारीक वाटला. मागं बसणार कोण? मी तर एकटाच फिरायचो, तेही बहुतेक वेळा गाडी जागच्या जागी उभी असताना. लांब वायर ओढून, तळाच्या पत्र्याला भोक पाडून मी बॅटरी सीटखाली नेली. "निदान वर लाकडी झाकण तरी करा," सुमन म्हणाली. मी हो म्हटलं आणि तात्पुरती वर्तमानपत्राची घडी ठेवली. (वर्तमानपत्र आमच्याकडं रोज येतं. सुतार येत नाही.) पुढं कित्येक दिवस मी इंजिनाची ती मोकळी जागा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो.

हिवाळ्यात माझ्या भाचीचं लग्न निघालं, तळेगाव ढमढेऱ्याला. मंगलाष्टका चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि या मुलीला मामा एकच. बहिणीनं आदल्या दिवशी फोन करून बजावलं, "दादा, काही कर, पण येष्टीनं ये. त्या गाडीनं नको." मी तिला म्हणालो, "तू निर्धास्त राहा." याचा अर्थ तिनं वेगळा घेतला.

सकाळी निघालो. मी पांढराशुभ्र सुती सदरा-पायजमा घातलेला. शेजारी सुमन. मागं आमची गोदाआत्या, तिच्या मांडीवर पितळी समई, ताम्हण आणि लाडवांचा भलामोठा डबा. आत्या मुळातच भारदस्त. मी आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या काट्यावर घेतल्या, पण सीटवर किती माल चढला याचा अंदाज घ्यावा असं काही मला सुचलं नाही.

काय सकाळ होती! उसाला तुरे आलेले. धुक्यात ते नुसते रुपेरी दिसायचे, खाली शेत असेल असं वाटायचंच नाही. कालव्यावर वाफ तरंगत होती. गाडी अशी गुणगुणत चालली होती, की आपण रस्त्यावर नसून एखाद्या ढगाच्या कडेनं चाललोय असं वाटावं. अशा वेळी मागून आत्या म्हणाली, "दिगू, शीट गरम हाय रं तुझी."

"हो ना," मी म्हणालो.

"हीटर हाय व्हय?"

मला ते इतकं आवडलं की मी नाही म्हणालो नाही. "जुन्या गाड्यांची बातच वेगळी, आत्या."

"झ्याक हाय. गुडघं धरलं व्हतं माजं, चांगला शेक लागतोय."

सुमननं माझ्याकडं रोखून पाहिलं. मी तुऱ्यांकडं पाहत होतो.

थोड्या वेळानं आत्या पुन्हा म्हणाली, "दिगू, जरा कमी कर बाबा. लाडू पातळ व्हाया लागल्यात."

"अहो, गाडी थांबवा," सुमन शांतपणे म्हणाली. वर्गातलं पोरगं फळ्यावर बोलवावं, तशी. मी आरशात पाहिलं. मगाचं धुकं आता गाडीच्या आतही होतं, आणि त्याला सीटमधला काथ्या जळल्याचा वास येत होता.

पुढचं सगळं सुमननं केलं. आत्याला हाताला धरून उतरवलं, सीट उचलून बाहेर फेकली, पेटलेल्या वर्तमानपत्रावर रस्त्याकडेची माती ओंजळीनं टाकली. मी लाडवांचा डबा वाचवला. धूर निवल्यावर आत पाहिलं, तर वायरसाठी पाडलेलं माझं ते सुबक भोक ॲसिडनं खात खात ताटलीएवढं झालं होतं. त्यातून खालचा डांबरी रस्ता स्वच्छ दिसत होता. आत्यानं वाकून पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"आरं, म्या ह्याच्यावर बसून आले?"

मुहूर्त जवळ आला होता. तेवढ्यात बाजाराला मेथी घेऊन निघालेली एक पिकअप थांबली. आत्याला पुढं बसवलं, आम्ही दोघं मागं जुड्यांवर. मी बॅटरी सोडवून बरोबर घेतली. महागाची वस्तू, रस्त्यावर सोडवेना.

"ती मांडीवर घेऊ नका," सुमन म्हणाली.

"खाली ठेवली तर मेथी चेंगरेल."

उघड्या गाडीत, कोवळ्या उन्हात, ओल्या मेथीच्या वासात मला पुन्हा जरा गुंगी आली. नदीवरचा पूल आला तेव्हा पाणी सोन्यासारखं हललं. मांडीला ओल लागत होती. वाटलं, भाजीवरचं दंव असेल. जरा चुरचुरलं. वाटलं, नव्या कापडाची खळ असेल.

मांडवात पोचलो तेव्हा अंतरपाट धरलेला आणि भटजी मामाच्या नावानं हाका मारत होते. बहिणीचे डोळे भरून आले होते. मला पाहताच तिनं ते पुसले आणि डोळ्यांनीच जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. मी धावत जाऊन भाचीच्या मागं उभा राहिलो. ती मान न वळवता पुटपुटली, "मामा, आलास ना?"

पहिल्या 'सावधान'ला माझ्या मांड्यांना गार वारा लागला.

मी खाली पाहिलं. पायजम्याला चाळणीसारखी भोकं पडली होती आणि माझ्या देखत त्यांची संख्या वाढत होती. मी अक्षता टाकायला हात उचलला की कुठंतरी टर्रकन आवाज यायचा. दुसऱ्या मंगलाष्टकेला सदऱ्याची खालची कड सुटली. तिसरीला मी अक्षता टाकायचं सोडून दिलं. आता अंतरपाट दूर होणार, नवरी पुढं सरकणार आणि दोन गावांसमोर मी उघडा पडणार, हे कळून चुकलं. तेवढ्यात गोदाआत्या सरळ मांडवात चालत आली, मानपानाच्या ताटातली एक शाल उचलली आणि माझ्या कंबरेला गच्च गुंडाळून गाठ मारून गेली.

व्याही शिरूरचे, चौकस गृहस्थ. त्यांनी आत्याला हळूच विचारलं, "तुमच्याकडं मामाला अशी शाल बांधत्यात व्हय?"

"व्हय," आत्या म्हणाली. "मामा लई मानाचा आसंल तर."

अक्षता पडल्याबरोबर सुमननं मला मागच्या नळाखाली उभं केलं आणि बादल्या ओतल्या. पाय नुसते लाल झाले, तेवढ्यावर निभावलं. पुढं गाडी ओढून आणली, पत्रा बदलला, आणि बॅटरी मूळच्या जागी नव्या ट्रेवर, पट्टीनं आवळून, टोकांना रबरी टोप्या घालून बसली. यातलं मी काहीच केलं नाही. मला करू दिलं नाही.

मागच्या महिन्यात शिरूरला त्याच व्याह्यांच्या मुलीचं लग्न झालं. आम्ही गेलो होतो. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि पाहतो तर त्या नवरीचे तिन्ही मामा एका रांगेत, कंबरेला शाल गुंडाळून, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं उभे. व्याह्यांनी मला अभिमानानं खूण केली. मीही जाणकारासारखी मान हलवली. एवढ्या मोठ्या घराण्याच्या रीतीला माझा पायजमा कारण आहे, हे सांगायला तोंड कुठलं आणणार?