स्क्रममधला आठवा माणूस

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, बायकोला वाचून दाखवतो आणि "यांना भास झाला असणार" म्हणून अंक मिटतो. आता माझ्या अनुभवाला ती हेच म्हणते... त्यामुळे तुम्हीही म्हणालात तर राग नाही.

मी मूळचा रावेरचा. घरी केळीचा मळा. कबड्डी बरी खेळायचो, फौजेत भरती झालो आणि पुण्याला असताना माझे मान-खांदे बघून एका साहेबांनी मला रग्बीत ढकललं. तेव्हा आपल्याकडे रग्बीवर कुणाचं पोट भरत नसे. पण फौजेतल्या खेळाडूला खुराक चांगला, ड्यूटी हलकी. मी खूश होतो. वडील मात्र नाखूश. त्यांना आम्ही नाना म्हणायचो.

"अंड्यावानी चेंडू काखेत धरून पयायचं, याले नोकरी म्हनता का?" सुट्टीत घरी गेलो की पहिल्या जेवणाला हा प्रश्न ठरलेला.

नव्वद साल उलटून गेलं होतं. माझी नोकरीची मुदत संपत आली होती. पुढे राहायचं की रावेरला परतायचं, हे ठरवायचं होतं. त्याच हिवाळ्यात भुसावळला आमची मुंबईच्या एका क्लबबरोबर मॅच ठरली. रेल्वे कॉलनीजवळचं ग्राउंड, लोकांना हा खेळ कळावा म्हणून प्रदर्शनी सामना. नानांनी निरोप पाठवला — मी येऊन डोळ्यांनी बघतो. पटलं नाही तर मुदत संपताच बिस्तरा बांधायचा आणि घरी यायचं.

आम्ही पुण्याहून रेल्वेने निघालो. मोजके पंधरा जण, राखीव कुणी नाही. मनमाडला गाडी थांबली तसा आमचा करतार चहा आणायला उतरला. उंच, दणकट पंजाबी गडी, पण चहाचा भारी शौकीन. गाडी सुटली तेव्हा तो दोन्ही हातांत कुल्हड घेऊन प्लॅटफॉर्मवर पळताना दिसला... आणि मग दिसेनासा झाला. आम्ही हसून हसून लोळलो. भुसावळला उतरल्यावर हसू गेलं. गाडी लेट, ग्राउंडवर लोक जमलेले, करतारचा पत्ता नाही. चौदा जणांनीच उतरावं लागलं.

याचा फटका मला बसला. कसा ते सांगतो. रग्बीत स्क्रम असतो — दोन्ही टीमचे आठ-आठ गडी वाकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात आणि मधे टाकलेला बॉल पायाने मागे ओढायचा असतो. मी पहिल्या फळीत कडेला. माझ्या मागचा गडी माझ्या ढुंगणाला खांदा लावून मला पुढे ढकलतो. हसू नका, सगळा जोर तिथूनच येतो. ती जागा करतारची होती. म्हणजे समोरून मुंबईचा तीन पोत्यांच्या वजनाचा पहिलवान, आणि माझ्या मागे नुसती हवा.

पहिल्या अर्ध्यात माझं भरीत झालं. प्रत्येक स्क्रमला मी मागे घसरत जायचो. रेषेबाहेर नाना हाताची घडी घालून उभे. चेहरा असा, की बिस्तरा बांधलाच समजा.

दुसरा अर्धा सुरू झाला आणि अगदी आमच्या रेषेजवळ स्क्रम लागला. मी वाकलो, समोरच्याला भिडलो... आणि मागून खांदा लागला. नीट, पक्का, जिथे लागायला हवा तिथेच. जर्सीला कमरेपाशी मूठ आवळली गेली. मला वाटलं, कॅप्टनने कुणाला तरी माझ्या मागे लावलं. वाकलेल्या माणसाला स्वतःच्या पायांमधून मागचं उलटं दिसतं. मी पाहिलं तर दोन अनवाणी पाय. बोटं मातीत रुतवलेली, घोट्यापर्यंत धूळ.

"रेट, भो," कमरेजवळून हळूच आवाज आला. आमच्या रावेरकडचा हेल.

मी रेटलं. तो पहिलवान असा मागे गेला की मीच तोंडावर पडता पडता वाचलो. मान वर केली तर मागे कुणी नाही, सगळे बॉलमागे धावत होते. विचार करायला वेळ कुठला, मीही धावलो. पण त्यानंतरच्या प्रत्येक स्क्रमला तो खांदा होताच. शेवटी शेवटी मला मजा यायला लागली होती. आम्ही जिंकलो. विजयाचा ट्राय, म्हणजे रेषेपलीकडे बॉल टेकवणं, माझ्याच वाट्याला आला.

मॅच संपल्यावर तो पहिलवान हात मिळवायला आला. "तुमचा मागचा माणूस हाफटाइमला आला वाटतं," म्हणाला, "आधी कुठे लपवला होता?"

मी कॅप्टनला विचारलं, "दत्तू, माझ्या मागे कुणाला लावलंस?"

"कुणाला लावणार? माणसंच नव्हती." दत्तू साताऱ्याकडचा, सरळ बोलणारा. तो करतारच्या जोडीला, शेजारीच असायचा. "दुसऱ्या फळीत मी एकटाच होतो. करतारला धरायचा माझा हात अख्खी मॅच रिकामा होता."

तेवढ्यात नाना आले. माझा मातीने माखलेला चेहरा त्यांनी आपल्या उपरण्याने पुसला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"खेय चांगला हाये," म्हणाले. "राहाय तू फौजेत. पन तुह्या मांगे रेटत व्हता तो पोरगा कोन्हाचा? तुमी बठ्ठे जन बूट घालता, अन् त्याले अनवानी खेयवता का?"

मी विचारलं, "नाना, कसा होता तो?"

"हाडकुया. पन जोर लय. हसत व्हता सारखा."

करतार संध्याकाळच्या पॅसेंजरने उतरला. त्याला आम्ही उलटं टांगायचंच बाकी ठेवलं. तो बिचारा मनमाडला बाकावर बसून वडे खात होता. आणि करतार हाडकुळा नव्हे, दोन माणसांचा एक होता.

पुढे मुंबईच्या त्या क्लबच्या कोचने माझं नाव सुचवलं, शिबिराला बोलावणं आलं, मग देशाची जर्सी मिळाली. फौजेतून सुटल्यावर, रग्बीत पगारी खेळाडू घ्यायची मुभा झाली तेव्हा, कोलंबोच्या एका क्लबने मला रीतसर पगारावर दोन सीझन खेळवलं. नानांनी रावेरला पेढे वाटले आणि "पोरगं चेंडू खेयून पगार घेते" असं बाजारात सांगत फिरले. तो खांदा मात्र मला परत कधी लागला नाही. मी वाट पाहायचो, खरं सांगतो.

भुसावळला त्या ग्राउंडच्या आसपास मी चौकशी केली. कुणी खेळाडू तिथे दगावला होता का, काही घडलं होतं का... काहीच हाती लागलं नाही. प्रेक्षकांतलं कुणी आत घुसलं म्हणावं, तर रेफरीला आणि दत्तूला दिसलं असतं. एका डॉक्टर मित्राने सांगितलं, पहिल्या अर्ध्यात तुझ्या डोक्याला मार बसला असेल, त्यात असे भास होतात. मलाही ते पटत आलं होतं. पण नानांच्या डोक्याला तर कुणी धडक दिली नव्हती. ते रेषेबाहेर उभे राहून भुईमुगाच्या शेंगा खात होते.