बाबांच्या जागेवर कॉम्प्युटर

मी नणंद आहे, तरी वहिनीची बाजू घेते. लोकांना हे पचत नाही. न पचू दे! आमच्या घरात वहिनीइतकं खमकं माणूस दुसरं नाही, आणि ते कळण्यासाठी एक कॉम्प्युटर तापावा लागला.

वहिनीचा आवाज ऐकत राहावा असा. अंध मुलांच्या शाळेसाठी ती घरी बसून धडे वाचते आणि रेकॉर्ड करते. भूगोलातले वारे असोत की गणितातले अपूर्णांक, मुलांना ते तिच्याच तोंडून हवे असतात. त्यासाठी तिने स्वतःच्या कमाईतून ऑल-इन-वन घेतला, म्हणजे पडद्याच्या पाठीतच सगळा कॉम्प्युटर. बाबांनी तो पाहिला आणि फर्मान काढलं, "हॉलमध्ये पसारा नको. शोकेसमध्ये ठेवा." बाबा बोलले की काळ्या दगडावरची रेघ. यंत्र शोकेसमध्ये गेलं. मागे लाकूड, बाजूंना लाकूड, आणि वरच्या फळीवर बाबांना निवृत्त होताना मिळालेली ढाल.

बिचारं यंत्र आत शिजत होतं. गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर पडायची, लाकडावर आपटायची आणि पुन्हा आत शिरायची. मग आतला छोटा पंखा घर डोक्यावर घ्यायचा. बाबा बातम्यांचा आवाज वाढवायचे आणि वर म्हणायचे, "काय ही कटकट!" अहो, पण केली कोणी?

शेवटी शाळेतून फोन आला. बाई म्हणाल्या, "धड्यात सारखी घरघर ऐकू येते. मुलं वैतागतात हो. पुढचं पुस्तक स्वच्छ आलं नाही, तर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल." वहिनीचा चेहराच उतरला. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एकच काम होतं.

आम्ही दोघींनी अक्कल पाजळली. आवाज दाबायला यंत्रामागे उशी कोंबली, वरून दुलई टाकली. वा, काय ती डोकी! थोडा वेळ बरं वाटलं. मग पंखा पिसाळला, आणि धडा अगदी संपत आलेला असताना पडदा काळा झाला. सगळं वाचन पाण्यात गेलं.

मला वाटलं, आता ही रडणार. तिने दुलई फरशीवर फेकली. "आपणच गुदमरवलं त्याला. ओरडेल नाही तर काय करेल?" प्लग काढला, यंत्र निवू दिलं, मागचं झाकण उघडलं आणि माझ्या केस रंगवायच्या ब्रशने जाळी झाडली. इतकी धूळ निघाली की दोघींना शिंका आवरेनात. माझा भाऊ दारातूनच म्हणाला, "अगं, बाबांना विचारायचं तरी."

"तू विचारून ये," वहिनी म्हणाली, "तोवर मी स्क्रू लावते." भाऊ आल्या पावली परत गेला.

आता प्रश्न जागेचा. स्वयंपाकघरात धग, खोल्यांच्या भिंती उन्हाने तापलेल्या. घरात गार जागा एकच, जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक. तिथे बाबा बसतात. पाहुणासुद्धा तिथे बसायची हिंमत करत नाही. वहिनीने यंत्र नेमकं तिथेच मांडलं, मागे वारा खेळायला मोकळी जागा ठेवली आणि बटण दाबलं. पंखा चालू आहे की नाही, हे बघायला मला कान लावावा लागला.

बाबा जेवायला आले. "हे काय?"

"कॉम्प्युटर."

"ते दिसतंय. माझी जागा?"

"तुमचं ताट त्या टोकाला वाढलंय."

"आत्ताच्या आत्ता शोकेसमध्ये ठेव."

"नाही ठेवणार, बाबा. तिथे ते तापतं आणि माझं काम जातं. रागवायचं तर खुशाल रागवा. ते इथून हलणार नाही."

खरं सांगते, बाबांना तोंडावर 'नाही' म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. ते न जेवताच खोलीत गेले. "माफी मागून टाक ना," भाऊ पुटपुटला.

"तू गप रे!" मी खेकसले.

वहिनी माइकसमोर बसली, पाणी प्यायली आणि धडा पहिल्यापासून वाचू लागली.

बऱ्याच वेळाने बाबा आले. भूक कोणाचा मान ठेवते! गाल फुगवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि निवलेलं जेवण जेवू लागले. वाटीवर चमचा खणकन वाजला.

वहिनी वाचायची थांबली. मागे वळलीसुद्धा नाही. "बाबा, चमचा वाजवू नका. मुलांना ऐकू जाईल."

बाबांचा हात तसाच राहिला. त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग त्यांनी चमचा अलगद खाली ठेवला, वाटी उचलून तोंडाला लावली, आणि वहिनीने अडलेलं वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.