घरात वातावरण नाही

युनिव्हर्सिटीच्या त्या केबिनमध्ये टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या होत्या. एकीवर मला बसवलं. दुसरीवर मॅडमची पर्स होती. म्हणून पप्पा उभे होते. जयंतीला घालतात तो पांढरा शर्ट, हातात हेल्मेट. पर्स कुणी उचलली नाही. पप्पांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

समोर त्या मॅडम धरून तिघं. मधले सर माझा निकाल बघत होते.

"सात पॉइंट दोन. आपली अट काय होती?"

"साडेसात, सर."

"मग?"

मग काय. मी मान खाली घातली.

मी राजगुरुनगरकडच्या एका साध्या कॉलेजात इंजिनिअरिंग करते. पहिल्या दोन वर्षांची सरासरी साडेसात आली, तर तिसऱ्या वर्षाला या मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर मिळणार होती. इथं मोठ्या कंपन्या नोकऱ्या द्यायला येतात. आमच्या कॉलेजकडे कुणी फिरकत नाही. प्रवेश सशर्त होता, पण रहाटणीत आमच्या विहारासमोर पोरांनी फ्लेक्स लावून टाकला. माझा फोटो, हार्दिक अभिनंदन. सशर्त हा शब्द काही त्यात घेतला नाही. आणि मी गणितात आपटले. आजारी नव्हते. पेपरही सोपा होता. दोन धडे मला कळलेच नव्हते आणि वर्गात उठून विचारायची लाज वाटली होती. बाकी कारण नाही.

सरांनी चष्मा काढला.

"अपवाद करता येतो. पण आम्हाला कारण लागतं. तुमच्या लोकांत घरी अभ्यासाचं वातावरण नसतं, पालक अशिक्षित असतात, हे आम्ही समजू शकतो. तेवढं तू आमच्यासमोर सांग. बाकी मी बघतो."

आवाज रागाचा नव्हता. मायेचा होता. मी तोंड उघडायच्या आत पप्पांनी हेल्मेट फरशीवर ठेवलं आणि हात जोडले.

"सायेब, खरं हाय. आमच्या घरात कसलं आलंय वातावरण? मी अडाणी माणूस. हिची आई बी तशीच."

मॅडम बाकीच्यांकडे बघून म्हणाल्या, "किती प्रामाणिक आहेत हे."

आणि मला बरं वाटलं. हे सांगताना जीभ जड होते, पण वाटलं. काम झालं, सुटलो, असं वाटलं. माझा बाप माझ्यादेखत स्वतःला अडाणी म्हणाला आणि मी मनातल्या मनात वर्गात जाऊन बसलेसुद्धा.

मग मी पप्पांच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं.

पप्पा आयटीआय झालेत. चाकणच्या कंपनीत फिटर आहेत. वर्षावासाच्या पावसाळी महिन्यांत विहारात ग्रंथ वाचतात ते पप्पाच. चार ओळी वाचतात, थांबतात, अर्थ सांगतात, कुणी शंका विचारली तर पुन्हा सांगतात. आई दहावी पास आहे. माझी परीक्षा असली की ती मिक्सर उचलून शेजारच्या काकूंकडे जायची आणि तिथं चटणी वाटून आणायची. पप्पा नाइट शिफ्ट करून आले की गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत झोपायचे, कारण खोलीत मी वाचत बसलेली असायचे. उन्हानं कूस बदलायचे, पण खाली यायचे नाहीत. एवढं वातावरण कुणाच्या घरात असेल तर त्यानं दाखवावं.

"हो ना गं बाळ?" सरांनी विचारलं. "नाही ना घरी वातावरण?"

"आहे, सर."

"काय?"

"घरी वातावरण आहे. मार्क मला कमी पडलेत. पप्पा खोटं बोलले, माझ्यासाठी बोलले."

मॅडमचं हसू गेलं. सर म्हणाले, "नीट विचार कर. हो म्हणालीस तर सोमवारपासून इथं येशील."

"नको, सर," एवढंच निघालं. आणखी पुष्कळ बोलायला हवं होतं. तुमच्या लोकांत म्हणजे कुणाच्या, हे विचारायला हवं होतं. ती पर्स उचला, हे सांगायला हवं होतं. सुचलं नाही. त्याचीही लाज आहे.

पार्किंगमध्ये पप्पांनी गाडीला किक मारली नाही. माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर असे चिडले होते.

"सोन्यासारखी जागा घालवलीस. काय बिघडत होतं? अडाणी म्हनलं तर माझ्या अंगाला काय भोकं पडतेत का?"

"मला पडतात, पप्पा."

त्यांनी हेल्मेट घातलं आणि किक मारली. घरी आईनं विचारलं तेव्हा फक्त म्हणाले, "इच्यार तुझ्या लेकीला."

त्या आठवड्यात गल्लीत ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला मीच सांगितलं. ट्रान्सफर झाली नाही. मार्क कमी पडले. प्रत्येक वेळी तोंड भाजल्यासारखं व्हायचं. काकू म्हणाल्या, "अगं, सांगायचं ना, तिकडचे नियम बदलले म्हणून." नाही सांगितलं. पोरांनी फ्लेक्स उतरवला तेव्हा मी दारातच उभी होते. आत पळून जावंसं वाटत होतं, गेले नाही.

तिसरं वर्ष मी जुन्याच कॉलेजात करते आहे. पुढच्या शिक्षणासाठी त्याच युनिव्हर्सिटीत पुन्हा अर्ज करणार आहे. मार्क पुरले तर पुरले. कमी पडले तर कमी पडले म्हणेन, माझे पडले म्हणेन, आणि परत येईन. पण माझ्या बापाला अडाणी म्हणून मला कुठलंही दार उघडून नको आहे. कुणी त्याला तसं म्हटलेलं मी यापुढे ऐकून घेणार नाही. तो स्वतः म्हणाला, तरीही नाही.