लग्नात घालायचा पाय

पहिल्या तीन तपासण्यांत आमच्या बाराही जणांनी एका प्रश्नाला एकच उत्तर दिलं. पाय रोज किती वेळ वापरता? दिवसभर. मी ते फॉर्मवर लिहीत गेले आणि खूश होत गेले. शंका तेव्हाच यायला हवी होती. बारा माणसं बारा गावांची आणि उत्तर एक, असं आमच्या जिल्ह्यात कधी होत नाही.

नाशिकच्या एका रुग्णालयात मी संशोधनाचं काम बघते. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. तारखा, सह्या, फॉर्म आणि फोन माझ्याकडे. त्या वर्षी आम्ही एका नव्या कृत्रिम पायाची चाचणी घेत होतो. एरवी गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये तो तयार झाला होता. त्याचं वैशिष्ट्य एवढंच की घोटा पुरेसा वाकायचा, त्यामुळे उकिडवं बसता यायचं. बाहेरून येणारे महागडे पाय खुर्चीत बसणाऱ्यांसाठी केलेले असतात. इथे निंदणी, चूल, संडास, सगळं उकिडवं. म्हणून हा पाय आमच्या माणसांसाठी, आमच्याच गावात बनलेला. त्या वर्कशॉपचा इंजिनिअर पहिला नमुना पिशवीतून घेऊन आला, तेव्हा बाजारातून भाजी आणावी तसा त्याने तो टेबलावर ठेवला होता.

बारा जणांत लासलगावजवळच्या खेड्यातल्या एक ताई होत्या, वय चाळिशीचं. बाजारात कांद्याच्या ट्रॉलीखाली सापडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्याआधी त्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कामाला होत्या. लिलावात घेतलेला कांदा तिथे पसरतात, आणि बायका दिवसभर ढिगापुढे बसून तो निवडतात. तिथल्या मुकादमीणबाईंनी ताईंची जागा धरून ठेवली होती, पण उन्हाळ कांद्याचा हंगाम सुरू होईपर्यंतच. तोवर दिवसभर बसता आलं तर जागा ताईंची, नाहीतर दुसऱ्या बाईला. हे ताईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि मी ते फॉर्मच्या समासात लिहून ठेवलं होतं, कारण त्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

चौथ्या तपासणीला मी ताईंचा पाय हातात घेऊन उलटा केला. तळव्याची झीज बघणं हा माझ्या यादीतला शेवटचा मुद्दा. आधी तीन वेळा मी तो घाईत 'ठीक' लिहून उरकला होता. या वेळी नीट पाहिलं. तळवा दुकानातून आणल्यासारखा कोरा होता.

"ताई, हा पाय दिवसभर घालता?"

"हो मॅडम. लय भारी पाय हाय."

"लासलगावच्या मातीत?"

त्या हसल्या आणि साडीचा पदर नीट करू लागल्या. मी फॉर्म मिटला. दोन दिवसांनी एसटीने त्यांच्या घरी गेले.

दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. ताई काखेत कुबडी धरून अंगणात कपडे वाळत घालत होत्या. पाय कुठे आहे म्हणून विचारलं, तर सासूबाईंनी मोठ्या अभिमानाने लोखंडी कपाट उघडलं. ठेवणीतल्या पैठणीशेजारी, मऊ लुगड्यात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून आमचा पाय ठेवला होता.

"चांगली वस्तू हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "रोज घालून घासून टाकायची व्हय? भाचीच्या लग्नात घातला हिनं. कोणाला कळलं बी नाय."

"आणि हळदीला?"

"हळदीला नाय. डाग पडला आसता ना!"

मला हसू आवरेना. ताईही हसल्या. मग मी म्हटलं, आता घाला आणि माझ्यासमोर बसून दाखवा. त्या बसल्या. दोनच मिनिटांत त्यांचा ओठ दातांखाली गेला.

"दुखतंय का?"

"नाय, बरं हाय."

"बरं काय, बरं!" सासूबाई कडाडल्या. "गुडघ्यामागं वळ उठतो तिच्या. खळ्यावर दोनदा जाऊन बसून आली, रडत परत आली. तुमी एवढं करता, तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलत नाय ती."

ताई खाली बघत म्हणाल्या, "फुकट दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, मॅडम?"

उन्हाळ कांद्याला तेव्हा जेमतेम दोन महिने उरले होते.

नाशिकला परतल्यावर मी बाकीच्या अकरा जणांना फोन लावले. या वेळी प्रश्न बदलला. किती वेळ वापरता असं न विचारता, पाय आत्ता कुठे आहे, एवढंच विचारलं. कपाटात. पेटीत. देवघराच्या फळीवर. एक जण म्हणाले, "माळ्यावर हाय, थांबा, काढतो." दोघांनीच सांगितलं, "पायात."

डॉक्टरांनी माझी यादी दोनदा वाचली; चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला अहवाल त्यांनाच द्यायचा होता. "म्हणजे समितीला काय लिहायचं? लोक खोटं बोलले?"

"नाही सर. आपण चुकीचं विचारलं, असं लिहायचं."

त्यांनी तसंच लिहिलं, खाली स्वतःची सही केली. मी अनेक डॉक्टरांसोबत काम केलं आहे. असं वाक्य स्वतःहून लिहिणारे मी कमी पाहिले.

इंजिनिअर मात्र दुखावला. घोट्यात दोष नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी त्याला सरळ खळ्यावर घेऊन गेले. म्हटलं, ढिगापुढे एक तास बस आणि कांदा निवड. बायकांनी त्याला जागा करून दिली आणि गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, ढीग त्याच्यापुढे लोटला. तासाभराने तो उठायला लागला तो गुडघे धरूनच.

"साहेब, दोन्ही पाय धड आसून ही गत?" एकीने विचारलं आणि सगळं खळं हसलं.

पण उठता उठता स्वतःच्या गुडघ्यामागे चोळताना त्याचं लक्ष जिथे जायला हवं होतं तिथे गेलं. दोष घोट्यात नव्हताच. उरलेला पाय ज्या वाटीत बसतो, तिची मागची कड उंच होती. पूर्ण बसलं की ती गुडघ्यामागे रुतायची. आम्ही रुग्णालयात सगळ्यांना अर्धं मिनिट बसवून 'जमतंय' लिहिलं होतं. अर्ध्या मिनिटात काहीच रुतत नाही.

त्याने कड खाली घेतली. ती जास्तच खाली गेली; टोपलं उचलून उठताना ताईंचा पाय वाटीतून सरकला आणि त्या पडता पडता वाचल्या. त्या आठवड्यात मी तीनदा अंबडला गेले. दुसऱ्या खेपेला कड थोडी वर आली, बाहेरच्या बाजूला वळली आणि तिला मऊ रबर लागलं. ताईंनी घालून पाहिला आणि पहिल्यांदाच तक्रार केली : "आतल्या अंगाला अजून टोचतो." मला इतका आनंद झाला की मी ते वाक्य जसंच्या तसं फॉर्मवर उतरवून घेतलं. तिसऱ्या खेपेला टोचणं थांबलं.

जपून ठेवण्याचा प्रश्न उरलाच होता. त्यावरचा उपाय माझा, आणि तो मी हक्काने सांगते. नवा पाय चकचकीत गव्हाळ रंगाचा होता, तो आम्ही मातकट करवला. शिवाय देण्याआधी प्रत्येक पायाचा तळवा रुग्णालयामागच्या सिमेंटवर घासून खडबडीत केला. इंजिनिअर कळवळला, पण घासायला मदतही त्यानेच केली. आधीच वापरलेला दिसणारा पाय कोणी लुगड्यात गुंडाळत नाही. बाराही जणांना तसेच पाय दिले. नंतर मी फोनवर पाय कुठे आहे म्हणून विचारायचे, तेव्हा लोक वैतागून सांगायचे, "पायात, दुसरीकडं कुठं आसणार?"

उन्हाळ कांदा सुरू झाला त्या सकाळी मी फाईल घेऊन खळ्यावर पोचले. ताई ओळीत चौथ्या होत्या. धुळीत आणि टरफलांत दोन्ही पाय सारखेच माखले होते. मुकादमीणबाई कमरेवर हात ठेवून ओरडत होत्या, आणि मला बघून थांबल्या नाहीत.

"ए, गप्पा कमी! हात चालव जरा. पाय नवा हाय, हात जुनेच हायेत ना?"

"चालवते की!" ताईंनी तिथूनच उलट उत्तर दिलं. त्या आवाजात 'बरं हाय' कुठेच नव्हतं.

मी पुढे होऊन विचारलं, "ताई, पाच मिनिटं मिळतील का? थोडे प्रश्न आहेत."

त्यांनी मान वर केली, पण हात थांबले नाहीत. "आत्ता नाय जमणार, मॅडम. जेवायच्या सुट्टीत या."

मी बाजूला एका भरलेल्या गोणीवर बसले आणि सुट्टी होईपर्यंत वाट पाहिली.