पेटी चूप असली की

जगात भित्री माणसं पुष्कळ असतील, पण भीतीची इतक्या निष्ठेनं चाकरी करणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे थोरले साडू. साखरखेर्ड्याजवळच्या रस्त्याच्या कामावर ते डंपर चालवत आणि मी मोजमापाला होतो. एवढं धूड हाकणारा हा माणूस हॉटेलात खुर्ची मागे सरकवण्याआधीसुद्धा वळून पाही. अंगणातून मोटारसायकल काढायची तर बायकोला आधी रस्त्यावर उभं करी. एकदा लोणारच्या स्टँडवर एसटी मागे येऊ लागली, तर हे हात पसरून तिच्यामागे उभे! कंडक्टर तणतणत उतरला, तेव्हा कळलं, मागे एक शेळी निवांत बसली होती.

पुढे कंत्राटदारानं गाड्यांना इशाऱ्याच्या पेट्या बसवल्या. आमच्या हेल्मेटात चिप. माणूस गाडीच्या दहा पावलांत आला की चालकाच्या कानाशी पेटी ठणाणा करी. बाकीचे चालक त्या आवाजाला कंटाळले. साडू मात्र रोज सकाळी आम्हाला एकेक करून गाडीजवळून चालवत. पेटी वाजल्याशिवाय कुणाची सुटका नाही. आणि इतकं करूनही गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून फेरी मारायचीच. मुकादम चिडे. "पेटी चूप हाय ना दादा, मंग काऊन उतरून राह्यले?"

"ते वाजते तवा मले भेव नाई लागत," साडू म्हणत. "चूप असते तवाच लागते."

आम्ही पोट धरून हसायचो.

एका दुपारी ऊन मी म्हणत होतं. हेल्मेट पाण्याच्या टाकीवर ठेवून मी त्यांच्या उभ्या डंपरमागे सावलीत बसलो, बुटातला खडा काढायला. बूट हातात असतानाच इंजिन सुरू झालं. माझ्या डोक्याहून उंच चाक, हातभर अंतरावर. ओरडावं की उठून पळावं, काहीच सुचेना. आत पेटी गप्प होती. तिच्या लेखी मी टाकीपाशी होतो. डंपर थरथरत होता आणि मला फक्त टायरच्या खाचेत अडकलेली मुरमाची ढेप दिसत होती.

मग दार वाजलं. पावलं खाली उतरली आणि रोजच्यासारखी फेरी मारत मागे आली.

मला पाहून ते ओरडले नाहीत. शेजारी मातीतच बसले. चेहरा पांढराफटक. "भाऊ... भाऊ..." एवढंच किती तरी वेळ. मग माझा बूट घेऊन त्यांनीच तो माझ्या पायात घातला. म्हणाले, "घरी सांगू नोका. दोघी बहिणी भेतीन."

त्याच आठवड्यात त्यांनी डंपर सोडला. आता वरवट बकालला भाजीचा मळा करतात. परवा आम्ही सगळे तिकडे जेवायला होतो. मेहुणी वाढता वाढता म्हणाली, "एवढी मोठी गाडी सोडून आले हो, भेवानं!" घरभर हशा उठला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हलकेच मान हलवली, नको म्हणून, आणि स्वतःच हसू लागले. माझी धाकटी त्यांच्या मांडीवर बसली होती. तिला काय कळलं कोण जाणे, तीही टाळ्या पिटत हसली.